डबा परत: ठाण्यातील एका किशोरवयीन धावपटूचे प्रकरण

हे प्रकरण पंधरा वर्षांच्या एका मुलीचे आहे. ती ठाण्यात राहते, मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीत शिकते आणि ८०० व १५०० मीटर धावते. तिची आणि तिच्या आईवडिलांची परवानगी घेऊन मी हे लिहीत आहे व ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी फिजिओथेरपिस्ट असून ती माझ्याकडे आली ती नडगीच्या दुखण्यासाठी. नडगीपासून सुरू झालेला तपास तिच्या डब्यापर्यंत गेला आणि डब्यापासून ती काय वाचते इथपर्यंत पोहोचला, म्हणून तो सविस्तर नोंदवावासा वाटतो. किशोरवयीन खेळाडू आपल्या शरीराविषयी जे वाचते आणि पाहते, त्याचा तिच्या हाडांवर परिणाम होतो, हे इतक्या स्पष्टपणे दिसण्याचा प्रसंग क्वचित येतो.

तक्रार आणि तपासणी

जुलैच्या मध्यावर ती आईबरोबर आली. उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्यापासून चार-पाच बोटे वर दुखत होते. सुरुवातीला धावून झाल्यावर ठणकत असे, मग धावतानाच दुखू लागले आणि आदल्या आठवड्यापासून शाळेचा जिना उतरतानाही कळ येत होती. पावसाळ्यात मैदानात पाणी साचते, म्हणून त्यांचा गट उपवनकडून येऊरच्या डांबरी चढावर सराव करीत असे. चढताना दमसास वाढतो हे खरे, पण तोच रस्ता धावत उतरताना प्रत्येक पावलाचा दणका नडगीने सोसायचा असतो. प्रशिक्षकांनी बर्फ लावायला व दोन दिवस थांबायला सांगितले होते. नडगीच्या नेहमीच्या दुखण्यावर हा सल्ला चुकीचा नाही.

हे दुखणे मात्र नेहमीचे नव्हते. सरावाच्या ताणाने नडगीची कड दुखते तेव्हा दुखरा भाग चांगला वीतभर पसरलेला असतो. हिच्या हाडावर एका बोटाएवढ्या जागी दाबले की ती पाय मागे घेत होती, आणि त्याच पायावर लंगडी घालायला सांगितल्यावर पहिल्याच उडीला थांबली. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, आणि पहिल्या काही आठवड्यांत तो बहुधा कोराच असतो. एमआरआयमध्ये हाडाच्या आत सूज दिसली, तडा मात्र नव्हता. हाड मोडण्याच्या वाटेवर होते आणि वेळेत सापडले.

हाडाच्या दुखण्यासाठी आलेल्या प्रत्येक मुलीला मी पाळीविषयी विचारते. हिलाही विचारले, तेव्हा उत्तर आईने दिले. “सध्या बंद आहे. खेळणाऱ्या मुलींचं असं होतंच ना? दहावीच्या वर्षात तेवढीच कटकट कमी.” या उत्तरात निष्काळजीपणा नव्हता. मैदानावरच्या बहुतेक आया एकमेकींना हेच सांगत असतात. मुलीला तेराव्या वर्षी पाळी आली होती, वर्षभरात ती नियमित झाली होती आणि फेब्रुवारीपासून आलेलीच नव्हती. नियमित पाळी सलग तीन महिने चुकली की तपासणी व्हायला हवी. इथे पाच महिने उलटले होते.

जमाखर्चाची वही

पुढच्या भेटीला तिला तिच्या सरावाच्या नोंदी घेऊन यायला सांगितले. तिने आणली ती लाल रेघांची, लांबट, निळ्या पुठ्ठ्याची जमाखर्चाची वही. आजोबांनी ती तिला आठवीत असताना दिली होती. उजव्या रकान्यात अंतर, वेळ आणि हवा, तर डाव्या रकान्यात झोप, खाणे आणि वजन. अक्षर बारीक, पेन्सिलीचे, कुठेही खाडाखोड नाही. एका पानावर उजवीकडे “६ × ४००, सरासरी १ मि. २८ से., दमट, शेवटचे दोन जड” आणि डावीकडे “चहा, २ बिस्किटे. डबा परत.” असे होते. ‘डबा परत’ हे शब्द मार्चनंतर जवळजवळ रोज येतात. एप्रिलमध्ये “भात बंद” अशी नोंद आहे आणि तिच्यापुढे दिवस मोजत नेले आहेत.

ही वही मी बारकाईने वाचली, कारण तिच्यात एक फसवा भाग होता. नोव्हेंबरात तिचे वजन ४८ किलो होते आणि ८०० मीटरची वेळ २ मिनिटे ३१ सेकंद. फेब्रुवारीत वजन ४६ आणि वेळ २:२७. त्या ओळीशेजारी तिने चांदणी काढली आहे. म्हणजे वजन उतरले आणि वेळही उतरली. कोणत्याही पंधरा वर्षांच्या मुलीने, किंबहुना कोणत्याही प्रशिक्षकाने, यावरून जो निष्कर्ष काढला असता तोच तिने काढला आणि खाणे आणखी कमी केले. जूनमध्ये वजन ४४ झाले होते आणि वेळ २:३४. दरम्यान उंची दोन सेंटिमीटर वाढली होती, म्हणजे वाढत्या शरीरातून चार किलो गेले होते. सुरुवातीला वजन घटल्याने वेळ सुधारते आणि नंतर ती ढासळते, हा क्रम दम लागणाऱ्या खेळांत अनेकदा आढळतो. सुधारणा लगेच दिसते व नुकसान काही महिन्यांनी समोर येते, म्हणून दोहोंचा संबंध कोणी लावत नाही.

वहीतल्या नोंदींवरून आहारतज्ज्ञांनी हिशेब मांडला. ती दिवसाला अंदाजे १,४५० किलोकॅलरी खात होती आणि त्यांतल्या सुमारे ५०० सरावातच जात होत्या. उरल्या ९५०. शरीरातील चरबी वगळून तिचे वजन ३६ किलोच्या आसपास धरले, तर दर किलोमागे रोज २६ किलोकॅलरी उरतात. वाढ, पाळी, हाडे, रोगप्रतिकार हे सगळे त्यांत भागवायचे. हा आकडा ४५ च्या आसपास असावा असे मानले जाते आणि ३० च्या खाली धोका वाढतो. ३० ही रेघ प्रौढ स्त्रियांवर केलेल्या प्रयोगांतून आलेली आहे, त्यामुळे वाढत्या वयाच्या मुलीसाठी ती सुरक्षिततेची हमी मानू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत तेरा ते पंधरा वयाच्या मुलींसाठी दिवसाला २,४०० किलोकॅलरी धरल्या आहेत. वहीचा डावा रकाना त्यापुढे किती रिकामा होता हे तिला कोणी समजावून सांगावे लागले नाही. तिने स्वतःच वजाबाकी केली आणि बराच वेळ पान उलटले नाही.

ऊर्जा अशी सतत कमी पडू लागली की शरीर आजची निकड आधी भागवते आणि जे पुढे ढकलता येईल ते ढकलते. मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीकडे जाणारे संकेत मंदावतात, बीजकोशांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी तयार होते आणि पाळी थांबते. इस्ट्रोजेन हाडांची झीज आवरून धरते. ते कमी झाले की झीज वाढते व भरणी मागे पडते. मुलीच्या हाडांत आयुष्यभरासाठी जेवढी खनिजे साठायची, त्यांतली सुमारे ९० टक्के अठराव्या वर्षापर्यंत साठलेली असतात, त्यामुळे या वयातले पाच-सहा महिने नंतर सहज भरून काढता येत नाहीत. कमी ऊर्जा, बिघडलेली पाळी आणि कमकुवत हाडे या तिघांचा एकत्र विचार १९९२ पासून क्रीडावैद्यकात होत आला आहे. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी त्याची व्याप्ती वाढवून ‘रेड-एस’ म्हणजे खेळातील सापेक्ष ऊर्जाकमतरता ही संकल्पना मांडली. तिच्यात मुलगेही येतात, आणि मनःस्थिती, पचन, हृदय यांवरचे परिणामही येतात.

थायरॉइड, बीजकोशांचे विकार वगैरे अन्य कारणे स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून बाजूला केली. हिमोग्लोबिन १०.९ होते, फेरिटिन (शरीरातील लोहाच्या साठ्याचे मोजमाप) अवघे ९. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता, तेव्हा या बाबतीत ती एकटी नव्हती. मात्र १५०० मीटर धावणाऱ्या मुलीला तो घरी बसलेल्या मुलीपेक्षा लवकर जाणवतो, कारण तिच्या शर्यतीचा बराचसा भाग रक्तातील प्राणवायूवरच चालतो.

ती काय वाचत होती

“दोन किलो उतरव, वेळ आपोआप उतरेल,” असे सर एकदा म्हणाले होते. एकदाच. पुढचे काम फोनने केले. तिने वजन उतरवण्याचे मार्ग शोधले आणि त्यानंतर महिनोन्‌महिने तिच्यापुढे तेच येत राहिले: भात सोडा, संध्याकाळी सहानंतर खाऊ नका, सकाळी उपाशीपोटी धावा. हे सल्ले जास्तीत जास्त दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, वजन वाढलेल्या प्रौढ माणसाच्या कामाचे. ते अंगाने वाढत असलेल्या, आठवड्याला पन्नास किलोमीटर धावणाऱ्या मुलीपर्यंत पोहोचले आणि क्लास-शाळेच्या वेळांत बसतील तेवढे तिने ते अभ्यासाच्या शिस्तीने पाळले. ती आळशी किंवा बेफिकीर असती तर तिचे एवढे नुकसान झाले नसते. रात्री नऊचे हलके जेवण, पहाटे चहा-बिस्कीट, सहा ते पावणेआठ सराव, तिथून थेट क्लास, आणि पहिला पोटभर घास अकरा वाजता; तोही भाताशिवाय. दुपारच्या शाळेत मधल्या सुट्टीतला डबा मैत्रिणींना वाटून किंवा तसाच बंद परत येई.

मी तिला धावणे बंद करायला सांगितले तेव्हा ती रडली नाही. “मग मी सकाळी सहाला काय करू?” एवढेच तिने विचारले. याचे उत्तर आजोबांनी दिले. त्यांच्याकडे मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासदत्व आहे. १८९३ पासून चालत आलेली ही संस्था ठाणेकरांना नव्याने सांगायला नको. सकाळची सहाची वेळ काही भरून निघाली नाही, पण क्लास नसलेल्या सकाळी आणि रविवारी ती आजोबांबरोबर तिथे जाऊ लागली. खेळाडूंची चरित्रे, शरीरविज्ञानाची सोपी पुस्तके, जुन्या क्रीडाविषयक नियतकालिकांचे अंक असे हाताला लागेल ते तिने वाचले आणि माझ्याकडे येताना प्रश्न घेऊन येऊ लागली.

तिचे विचार मी तिच्याच शब्दांत देते, कारण ते माझ्यापेक्षा नेमके आहेत. “व्हिडिओतल्या सगळ्या मुली पूर्ण झालेल्या दिसतात, वाढत असलेली त्यांत कोणीच नसते.” आणि एकदा म्हणाली, “पुस्तकात न पटलेलं वाक्य दिसलं की मी थांबते, मागचं पान उघडून बघते. व्हिडिओ मला थांबूच देत नाही.” चरित्रांविषयी तिचे निरीक्षण असे होते की जिंकलेली शर्यत दोन ओळींत संपते आणि दुखापत मात्र आठ-दहा पाने चालते. हे ऐकून मला फार बरे वाटले. विश्रांतीचे आठवडे खेळाच्या बाहेरचे नसतात, हे तिला कोणी उपदेश करून पटले नसते.

तिच्यावर सगळ्यात जास्त परिणाम झाला तो पी. टी. उषा यांच्याविषयी वाचून. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांची वेळ ५५.४२ सेकंद होती आणि कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाने हुकले, हे तिला शाळेपासून माहीत होते. ऑलिंपिक नगरीत मानवेल असे जेवण न मिळाल्याने त्या तांदळाची पेज आणि लोणचे यांवर धावल्या व शेवटच्या टप्प्यात ताकद ओसरली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे, हे तिने प्रथमच वाचले. त्या भेटीत तिने वही उघडून जूनची नोंद दाखवली: “शेवटचे १०० पाय हललेच नाहीत.” मग म्हणाली, “त्यांना मिळालं नव्हतं, मॅडम. माझा डबा आई पाच वाजता उठून भरते.” आई शेजारीच बसली होती. त्यानंतर डब्याविषयी मला कधी काही सांगावे लागले नाही.

अमेरिकेची मध्यम पल्ल्याची धावपटू मेरी केन हिच्याविषयीही तिने वाचले. वजन घटवण्याच्या दबावाखाली आपली पाळी तीन वर्षे बंद होती आणि पाच हाडे मोडली, असे केनने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. एखादी मोठी खेळाडू पाळीबद्दल उघड बोलू शकते, याचेच तिला अधिक अप्रूप वाटले. तिच्या गटातल्या आणखी दोन मुलींची पाळी अनियमित असल्याचे तिने त्यानंतर मला सांगितले; त्या दोघींनीही ते घरी सांगितलेले नव्हते.

खेळाविषयीची तिची भूमिका घरच्यांपेक्षा वेगळी आहे. वडिलांच्या दृष्टीने दहावीला मिळणारे क्रीडागुण महत्त्वाचे आहेत आणि त्यासाठी यंदाची जिल्हा व विभागीय स्पर्धा चुकू नये असा त्यांचा आग्रह होता. “मला गुणांसाठी धावायचं नाही. पण गुण मिळणार नसतील तर पुढच्या वर्षी मला मैदानावर पाठवतील का, हेही मला माहीत नाही,” असे ती म्हणाली. या अडचणीवर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. मी वडिलांना एमआरआय दाखवून एवढेच सांगितले की या पायावर ती स्पर्धेत उतरली तर सूज आहे तिथे तडा जाईल आणि मग पुढचे वर्षही हातचे जाईल. त्यांनी दोन दिवस विचार करून नाव मागे घेतले. ते सोपे गेले नसणार.

उपचार

आठ आठवडे धावणे पूर्ण बंद ठेवले. दुखणे उतरल्यावर पोहणे आणि स्थिर सायकल सुरू केली, पण मोजूनच. व्यायामाचा खर्च वाढवून खाल्लेले पुन्हा संपवण्यात अर्थ नव्हता. पोटरी, मांडी व नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम आठवड्यातून तीनदा होते. एका पायावर टाच उचलणे तिला उजवीकडे सुरुवातीला आठ वेळाही जमत नव्हते.

आहारात परके काहीच आणले नाही. सरावापूर्वी केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू, सरावानंतर अर्ध्या तासाच्या आत दूध आणि उकडलेली अंडी किंवा शेंगदाणे-गूळ, आणि क्लासला जाताना पोळीचा रोल. दुपारी भात परत आला. आठवड्यातून तीन-चार दिवस नाचणीची भाकरी किंवा आंबील, कारण शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि या वयात दिवसाची गरज हजार मिलिग्रॅमची आहे. मोड आलेल्या उसळीवर लिंबू पिळायचे आणि जेवणाला लागून चहा घ्यायचा नाही, कारण लिंबाने लोह अंगी लागते आणि चहाने अडते. लोहाच्या व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या. संकष्टीचा उपवास आजीच्या संमतीने दहावी होईपर्यंत थांबवला. पाळी आणण्याच्या गोळ्या मात्र दिल्या नाहीत. त्यांनी रक्तस्राव होतो, पण ऊर्जेची तूट तशीच राहते, हाडांना संरक्षण मिळत नाही आणि शरीर सावरत आहे की नाही हे कळण्याची खूण तेवढी नाहीशी होते. हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांचा होता व मला तो पूर्ण पटतो.

झोपेचा प्रश्न आहारापेक्षा अवघड निघाला. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. वहीत सरासरी सव्वासहा तासांची होती. क्लास सोडणे शक्य नव्हते, म्हणून आठवड्यातले दोन पहाटेचे सराव कायमचे काढून टाकले. प्रशिक्षकांना हे रुचले नाही. वहीतले फेब्रुवारी आणि जूनचे आकडे शेजारी ठेवल्यावर त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि मान्य केले. त्यानंतर त्यांनी मैदानावर सर्वांसमोर वजन करणेही बंद केले. वर्षानुवर्षे तुटपुंज्या साधनांवर मुलींना पुढे आणणाऱ्या या माणसाला त्या एका वाक्याच्या परिणामाची कल्पना असणे शक्य नव्हते. ती द्यायला आपण, म्हणजे आरोग्याच्या क्षेत्रातली माणसे, मैदानापर्यंत गेले पाहिजे.

सध्याची स्थिती

सप्टेंबरच्या अखेरीस तिने तीस मिनिटांचे चालणे न दुखता पूर्ण केले आणि मग एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे अशी सुरुवात झाली. नोव्हेंबरात पाळी आली. वजन ४७ आहे. हिमोग्लोबिन १२.१ झाले, फेरिटिन अजून २० च्या आतच आहे. ८०० मीटर तिने अलीकडे २:३६ मध्ये पूर्ण केले, म्हणजे फेब्रुवारीच्या वेळेपासून ती नऊ सेकंद दूर आहे. वजन वाढल्याचा आकडा वहीत लिहिताना आजही तिचा हात अडतो, हे तिने मोकळेपणाने सांगितले; त्यासाठी ती समुपदेशकांकडे जात आहे आणि वजन आता घरी न करता माझ्याकडेच, महिन्यातून एकदा होते.

वहीच्या डाव्या रकान्यात पाळीची नोंद सुरू झाली आहे. सरांनी गटातल्या सगळ्याच मुलींना अशी वही ठेवायला सांगितले तेव्हा ती कोणी वाचायची हा प्रश्न आला. पुरुष प्रशिक्षकाला ती दाखवायची असेल तर कोणीच खरे लिहिणार नाही, असे हिनेच स्पष्ट सांगितले. तिने सुचवलेली पद्धत आता चालू आहे: वही मुलीकडेच राहते, सरांना ती फक्त “आज हलका सराव” एवढे सांगते आणि ते कारण विचारत नाहीत, सलग दोन पाळ्या चुकल्या तर मुलगी आईला किंवा मला सांगते. त्या दोन मुलींपैकी एक आईला घेऊन तपासणीला येऊन गेली, दुसरी अजून आलेली नाही. हिची फेरिटिनची पुढची तपासणी जानेवारीत आहे आणि तोवर धावण्याचे दिवस आठवड्याला चारच ठेवायचे, असे सर, वडील आणि ती अशा तिघांनी मिळून ठरवले आहे.